हातडोहची देवी पाण्यात

६ जानेवारी २०२५

आले एकदाची हातडोहला! शहागडच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर न्यायला येणारी धरणाची जीप गायब. फोन केला तर म्हणे टायर बसलाय. शेवटी रिक्षा केली आणि उसाच्या ट्रॉलीमागे धूळ खात खात पोचले. केसांपासून चपलांपर्यंत पांढरी झाले होते, तरी मी आपली खुशीत. बदली काय कुणाचीही होते, पण वडिलांनी उभ्या केलेल्या धरणावर किती जणांची होते?

जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घरात दिवाणखान्यात एक फोटो आहे. डोक्यावर हेल्मेट घातलेले अण्णा धरणाच्या माथ्यावर उभे, कमरेवर हात. त्या फोटोकडे बघत बघतच मी इंजिनिअर झाले. गंमत म्हणजे त्यांनी मला इथे एकदाही आणलं नाही आणि निवृत्तीनंतर स्वतःही कधी फिरकले नाहीत. बदलीची बातमी दिली तर पेढे राहिले बाजूला, अर्ज करून रद्द करून घे म्हणाले. मी कसली रद्द करतेय! हट्टीपणा त्यांच्याकडूनच तर घेतलाय.

धरण फोटोपेक्षा कितीतरी मोठं आहे. सगळं काँक्रीट. कमान नाही, टेकू नाही. आपल्या वजनानं जागच्या जागी उभं राहायचं आणि तेवढ्या पाण्याला रेटून धरायचं. पायथ्याशी वीजघर आहे. मी खालून वर बघत राहिले ती मान दुखेपर्यंत.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, मागे पेरूचं झाड. स्वयंपाकाला चतुराबाई नावाची म्हातारी येते. हातडोह गाव धरणात गेलं, तिथलीच ती. अंगानं वाळलेली, बोलते मोजकं, पण भाकरी काय करते! मी जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हे धरण माझ्या वडिलांच्या हातचं आहे. तिनं त्यांचं नाव विचारलं. पुंजाराम, म्हटलं. तिनं आणखी एक भाकरी वाढली आणि पोटभर खा म्हणाली.

८ जानेवारी

आज महेमूदभाईंनी गॅलरी दाखवली. गॅलरी म्हणजे धरणाच्या पोटातला बोगदा, या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला. काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी पाणी वाट काढतंच. ते पाझरून गॅलरीतल्या नालीत उतरतं, नालीतून तळातल्या हौदात जमतं, आणि तिथून पंपानं बाहेर फेकायचं. पाझर मोजायचा हे माझं काम, पंप सांभाळायचा हे महेमूदभाईंचं. ते तीर्थपुरीहून मोटारसायकलवर येतात आणि हसीनाभाभींच्या हातच्या खिचडी-खट्ट्याचा डबा माझ्यापुढे सरकवल्याशिवाय स्वतः खात नाहीत.

पाझर वाढला तर काळजी, हे मला पुस्तकातून माहीत होतं. महेमूदभाई म्हणाले, एकदम थांबला तरी काळजी. "घाम है मॅडम धरणाचा. बराबर आला पाहिजे. न्हाई आला तर समजायचं, पाणी आत कुठंतरी साठून राह्यलं."

आत छान गार आहे. भिंतींवर पाझराबरोबर आलेल्या चुन्याचे पांढरे ओघळ सुकलेत. मला अजिबात भीती वाटली नाही. उलट भिंतीला हात लावून अण्णांना फोन करावासा वाटला, पण आत रेंज नाही.

११ जानेवारी

एक टर्बाइन दुरुस्तीसाठी बंद केलंय, म्हणून त्याच्या तोंडावरची लोखंडी जाळी क्रेननं वर काढली. धरणाचं पाणी टर्बाइनकडे ओढलं जातं तेव्हा त्याच्यासोबत वाहत येणारी घाण या जाळीत अडकते. काय काय निघालं! जलपर्णी, चपला, खताच्या गोण्या, एक मेलेलं कासव. मी नाक दाबून उभी होते. तेवढ्यात गाळात काहीतरी चमकलं.

देवीचा टाक निघाला. देव्हाऱ्यात असतो तसा चांदीचा, तळहातात मावेल एवढा. नाकडोळे झिजून सपाट झालेले, पण हातातली आयुधं अजून दिसतात.

चतुराबाईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग हात धुऊन आली, टाक पदरानं पुसला आणि म्हणाली, पाण्यातून आलेली देवी अशी फडताळात ठेवू न्हाई, देव्हाऱ्यात बसवावी. "हितं कुठं हाय तुमचा देव्हारा? सकरातीला घरी जाऊन राह्यल्या न्हवं? मंग वडिलांच्या देव्हाऱ्यात बसवा, ताई."

मला पटलं. गाळात सापडलेला देव कोण टाकून देईल? चिंच लावून घासला, डोक्याला लावला आणि स्वच्छ रुमालात बांधून ठेवला.

१४ जानेवारी, मस्तगड

संक्रांतीचा सण आणि घरात भांडण. वंदनावहिनीनं टाक हौसेनं देव्हाऱ्यात बसवला, हळदकुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला. अण्णा पूजेला बसले आणि विचारलं, ही कुठली. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता परत नेऊन टाक, म्हणाले.

माझं डोकं फिरलं. धरणापायी अख्खं गाव उठवलंत, त्यातला एक देव सांभाळायला जागा नाही का घरात, असं मी बोलून गेले. दादा पुण्याला असतो, नाहीतर त्यानं मला गप्प केलं असतं. अण्णा तिळाच्या पोळीला हातही न लावता जाऊन झोपले. टाक तिथेच राहिला. मी ठेवला म्हणजे ठेवला.

१७ जानेवारी, हातडोह

वहिनीचा फोन. अण्णांना खोकला लागलाय. सकाळी उशी चिंब होती, तिला वाटलं तांब्या सांडला. पण तांब्या भरलेला होता. उशीला गाळाचा वास येतोय म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरकडे ने, वास काय हुंगत बसलीस.

इथे चतुराबाईनं अण्णांची चौकशी केली. मी परत आल्यापासून रोज करते आहे. म्हातारी मायाळू आहे.

१९ जानेवारी, जालना

फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून काढलं. असं पाणी पिवळसर असतं म्हणतात. हे हिरवट होतं, आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसला. त्या गाळात मोहरीएवढा एक शंख होता. डॉक्टर नर्सवर ओरडले की बाटली धुतलेली नव्हती. नवी सीलबंद बाटली फोडली. तिच्यातही तेच.

रोज हातात घेते ते पाणी ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही. हे आमच्या धरणाचं पाणी आहे. अण्णा वीसेक वर्षांत त्या धरणाकडे गेलेले नाहीत.

माझे अण्णा कोरड्या खाटेवर बुडताहेत. मला ते जिवंत हवेत. बाकी काही मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

२० जानेवारी, हातडोह

दुपारी येऊन चतुराबाईला समोर उभं केलं आणि विचारलं, टाक कोणाचा. माझाच हाय, म्हणाली. चोरून लपवून काही नाही, तांदूळ निवडता निवडता सगळं सांगितलं.

तिची लेक सगुणा माहेरी बाळंत झाली होती. अंगात ताप, उठता येत नव्हतं. गाव रिकामं झालेलं, हे एकच घर राहिलेलं. धरणाचा साहेब पाहणीला आला तेव्हा सगुणा दाराला टेकून हात जोडून उभी राहिली, की बैलगाडी मिळेपर्यंत थांबा. साहेब हो म्हणाला. चतुराबाई गाडी बघायला शहागडला गेली. त्याच दिवशी साहेबानं पाणी अडवायला धरणाची दारं पाडली. परत आली तेव्हा गावाच्या जागी पाणी होतं. सगुणा आणि तिचं तान्हं, दोघंही मिळाली नाहीत.

देव पाण्यात ठेवणं कोणाला माहीत नाही? घरात संकट आलं की देव पाण्यात ठेवून मागणं मागायचं, आणि काम झालं की मानानं बाहेर काढायचे. ठेवणाऱ्यानंच काढायचे. चतुराबाई म्हणाली, तिच्या घरचा टाक देव्हाऱ्यातच राहिला होता. तिनं काठावर उभं राहून तेवढं मागणं घातलं. "म्हन्लं, आई, तू आता पाण्यातच हायेस. ज्यानं दारं पाडली त्याच्या घरी जाय, आन त्याला कोरड्यात बुडव. पन तिला पाय न्हाईत ना, ताई. वाट पाहून राह्यल्ती. तुमी नेलं."

मी तिच्या पुढ्यातलं सूप उडवून लावलं. वाट्टेल ते बोलले, उद्यापासून दारात पाय ठेवू नकोस म्हणाले. ती एकेक दाणा वेचत होती. मी कोणाला हात तरी लावला का, एवढंच म्हणाली.

२१ जानेवारी, जालना

अण्णांना विचारलं. खोटं बोलतेय ती, एवढंच मला ऐकायचं होतं.

मंत्र्यांची तारीख अलीकडे आली, म्हणाले. जलपूजनाला पाणी दिसायला हवं होतं. पाणी चढायला वेळ लागेल, तोवर ती निघेल असं वाटलं. वाटलं! मग तोंडातून पाणी आलं आणि बोलणं थांबलं. ते पुसताना मला त्यांचा असा राग आला की टॉवेल फेकून निघून जावं. आणि तरी मी पुसत राहिले. वाईट माणूस असला तरी माझा बाप आहे.

२२ जानेवारी, मस्तगड

लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा अण्णांनी घरचे सगळे देव घागरीत ठेवले होते. ताप उतरला तेव्हा रडत रडत बाहेर काढले. म्हणजे मागणं काय चतुराबाईलाच मागता येतं?

देव्हाऱ्यातून टाक उचलला. त्याच्याखालचं लाकूड भिजून काळं पडलंय. वहिनी म्हणते, कितीही पुसलं तरी वाळत नाही.

धरणात फेकणार नाही. उद्या म्हातारीनं कोणाकडून तरी काढून आणला तर? गॅलरीतल्या हौदात ठेवीन. पाणी त्याच धरणाचं, आणि किल्ली माझ्याकडे. बघू कोणाचं मागणं मोठं ठरतं.

२३ जानेवारी, हातडोह

ठेवला. महेमूदभाई पंपाचा वॉल्व्ह बघायला वर गेले होते. हौदाच्या पायरीवर बसून टाक पाण्यात सोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, माझ्या अण्णांना मरण येऊ देऊ नकोस." दोनदा म्हणाले. नीट ऐकू जावं म्हणून.

बाहेर आले तेव्हा महेमूदभाई नालीकडे बघत होते. पाझर थांबलाय. सगळीकडचा.

२४ जानेवारी

वहिनीचा फोन! खोकला पूर्ण बंद. सकाळी हृदय बंद पडत आलं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि अण्णांनी डोळे उघडले. मी क्वार्टरच्या अंगणात लहान पोरीसारखी नाचले.

मग मुद्दाम चतुराबाईच्या झोपडीवर गेले. हो, खिजवायलाच गेले. तुझ्या देवीनं माझं ऐकलं, म्हटलं. तिनं विचारलं, काय मागितलं. मी शब्द न शब्द सांगितला.

तिनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "ताई, येवढं वाईट तर मी बी मागितलं न्हवतं. मी फकस्त मरन मागितल्तं."

२६ जानेवारी, जालना

मशीनवर सरळ रेघ आहे. डॉक्टरांनी गेले म्हणून सांगितलं, तोंडावर चादर ओढली. चादर तोंडापाशी आत ओढली गेली. मग फुगली. मग परत आत.

चादर काढली. डोळे उघडे. छाती पाण्यानं भरलेली आहे, हवा जात नाही, पाणीच आत-बाहेर होतंय. बुडणारा माणूस हात मारतो तसे हात मारताहेत. शेवटचा क्षण येतो, आणि पुढे जात नाही. पुन्हा पहिल्यापासून.

दोन्ही मागणी पुरी केली देवीनं. चतुराबाईचं पण, माझं पण.

२८ जानेवारी, मस्तगड

दवाखान्यानं घरी पाठवलं. सर्टिफिकेट द्यायला कोणी तयार नाही, ठेवून घ्यायलाही नाही. वहिनी माहेरी गेली. दादा फोन उचलत नाही.

खाटेखाली पाणी साचतंय, मी पिळून टाकते, पुन्हा साचतं. बेशुद्ध पडतील म्हणून वाट बघते. पडत नाहीत. सगळं कळतंय त्यांना.

आज मला बघून त्यांनी हात जोडले. काय मागताहेत ते न बोलता कळलं. मी खोलीबाहेर पळाले.

३० जानेवारी, हातडोह

चतुराबाईच्या पायावर डोकं ठेवलं. तू तुझं मागणं मागे घे म्हटलं. हवं तर धरण फोडते, मला घे, काहीही कर. अण्णा हात जोडताहेत, म्हटलं.

"माझी सगुणा बी हात जोडून उभी व्हती," म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

माझं मागणं तरी माझ्या हातात आहे. मी ठेवलाय, मीच काढायचा. काढला की अण्णा सुटतील. म्हणजे मरतील. माझ्या हातानं. दिवसभर क्वार्टरमध्ये बसून राहिले. उठवलं नाही.

३१ जानेवारी

गॅलरीच्या दाराशी महेमूदभाई आडवे उभे. पाझर कुठेच नाही तरी हौद भरून वर आलाय. पंप चालूय, पाणी हलत नाही. वरच्या ऑफिसला कळवलंय म्हणाले. "मॅडम, अल्लाच्या वास्ते, आत जाऊ नका. आत कुणीतरी रडून राह्यलं. लहान लेकरू." साधा माणूस, घामानं डबडबला होता.

मी ऐकलं, परत आले. भीती वाटते. खरंच वाटते. पण डोळे मिटले की ते जोडलेले हात—

१ फेब्रुवारी

सकाळ. महेमूदभाई यायच्या आधी आत आले. वही सोबत आहे. लिहीत राहिले की धीर राहतो.

दिवे चालू आहेत. पाणी वरच्या पायरीपर्यंत. स्वच्छ. अगदी शांत. रडणं नाही. महेमूदभाईंना भास झाला असेल—

माझ्यामागे भिंत ओली झाली. सगळी. एकदम.

अण्णा, मी काढते आहे. सुटा तुम्ही. रागावू नका माझ्यावर—

हात घातला. खांद्यापर्यंत. टाक लागला. पण त्याच्याभोवती—

मूठ आहे. लहान. केवढी लहान. गच्च मिटलेली.

ओढला. सोडत नाही. दुसरी मूठ— माझं बोट धरलं. तान्ही पोरं धरतात तसं. गार आहे. सुटत नाही, सुटतच नाही—

डाव्या हातानं लिहितेय. वही गुडघ्यावर.

दार लागलं. मी लावलं नाही.

कोणीतरी पाण्यातून वर येतंय. केस मोकळे. हात जोडलेले नाहीत आता—

पाणी मांडीवर. टाक तिच्याकडे गेला. तिनं पदरात बांधला. काढायचा होता मला, मीच काढायचा होता— आता कोण काढणार

अण्णा, नाही जमलं. अण्णा, तुम्हाला आता कोणी मरू देणार नाही—